करडईच्या रानात गुलाबी हातमोजे

कंपनीच्या साहेबानं मला फसवलं आणि मी रुक्मिणबाईला फसवलं. साहेबाला मी काय काय बोलले ते उमरग्याच्या अर्ध्या बाजारानं ऐकलं. रुक्मिणबाई मला जे बोलली ते फक्त मी ऐकलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला होता की दुकानदारीतल्या गोड आठवणी लिहून द्या. गोड पाहिजे असेल तर माझ्या शेजारी मिठाईवाला बसतो. माझ्याकडे हातमोजे आहेत, त्यांचंच लिहिते.

उमरग्यात हमरस्त्याला लागून माझं दुकान आहे. पाटीवर आमच्या मालकांचं नाव आहे, कारण पाटी रंगवणाऱ्यानं बाईचं नाव घालायला अक्षरं कमी पडतील असं सांगितलं होतं. त्याच पाटीवर दोन देवांची नावं आणि दोन फोन नंबर बसले. दुकान नव्हतं तेव्हा डोक्यावर कटलरीची पेटी होती. आमच्याकडे कटलरी म्हणजे टिकल्या, पिना, फण्या, रिबिनी, बांगड्या. बाईच्या डोक्यापासून मनगटापर्यंत जे जे लागतं ते. ती पेटी घेऊन मी आठवडी बाजारांतून बसले. पेटीची टपरी झाली, टपरीचं दोन शटरचं दुकान झालं. मधल्या वर्षांत कुणाकुणाशी भांडले ते सांगत बसले तर अंक पुरणार नाही.

माझी एकच विद्या आहे, भाव करण्याची. सोलापूरचे होलसेलवाले मला बघून चहा सांगतात, कारण त्यांना ठाऊक असतं की आता जेवायची वेळ होईपर्यंत ही बाई उठत नाही. माल हातात घेतला की मी तो ओढते, वाकवते, नखानं खरवडते, इलास्टिक असलं तर दातात धरते. मग नाक मुरडते. मग भाव विचारते. आणि भाव फार लवकर खाली आला तर माल पुन्हा एकदा तपासते. हा माझा स्वतःचा नियम. तो मी एकदाच मोडला.

भाव करण्यात मला हरवणारं माणूस मी एकच पाहिलं, रुक्मिणबाई. ती बारा बायकांच्या टोळीची मुकादम. टोळी शेतकऱ्याकडून एकरावर काम उक्तं घेते: खुरपणी, सोयाबीनची काढणी, करडईची काढणी. ठरलेल्या दिवसांत रान मोकळं करून द्यायचं. जमलं नाही तर काम हातातून जातं आणि पुढच्या वर्षी त्या बांधावर दुसरी टोळी दिसते. पेटीच्या काळापासून ती माझं गिऱ्हाईक. बाजारात माझ्यासमोर ऐसपैस बसायची, टोळीतल्या बायका मागं उभ्या राहायच्या आणि खेळ सुरू व्हायचा.

"अक्का, ह्या फणीचं काय म्हणायलाव?"

मी भाव सांगायची.

"ह्या भावात फणीसंगट उवा बी काढून द्याव्या लागतील तुमाला."

"उवा तुझ्या. मी कशाला काढू?"

"मंग निम्म्यात द्या. उवांचं म्या बगते."

मागच्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. एका फणीपायी अर्धा तास जायचा. ती मला कंजूष म्हणायची, मी तिला लुटारू म्हणायची, आणि शेवटी ठरलेल्या भावात मी एक पिनेचं पान वरून टाकायची. ते पान मिळाल्याशिवाय ती उठायची नाही. दुकान झाल्यावरही हे चालू होतं, फक्त ती आता स्टुलावर बसायची.

चार वर्षांपूर्वी साहेब आला. शर्ट खोचलेला, गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिला फुकट जाहिरात कशाला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "मालक कुठं आहेत?"

"घरी. पेपर वाचायलेत," मी म्हटलं. "दुकानाचं काम असंल तर माझ्याशी बोला. पेपर वाचायचा असंल तर घर दाखवते."

तो हसला, मॅडम म्हणाला आणि एक गुंडाळी उलगडली. खाटेवर अंथरता येईल एवढा रंगीत नकाशा होता, दुकानात कुठली वस्तू कुठं ठेवायची त्याचा. कंपनी मला लोखंडी रॅक फुकट देणार होती. रॅक नकाशाप्रमाणं लावायचे आणि माल नकाशाप्रमाणं मांडायचा, एवढीच अट.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुकानदार रिकामी जागा बघून वस्तू ठेवतो. तसं नसतं. डोळ्यासमोरची फळी म्हणजे भर चौकातला प्लॉट. त्या फळीसाठी कंपन्या एकमेकींचे गळे धरतात. पायाजवळची फळी म्हणजे गावाबाहेरची पड. आपण फिरत फिरत, आपल्या मनानं वस्तू उचलली असं गिऱ्हाइकाला वाटतं. त्या बिचाऱ्याचा हात कुठं जाणार हे कुणीतरी लांबच्या शहरात थंड खोलीत बसून आधीच ठरवलेलं असतं.

नकाशात दोन गल्ल्या होत्या. डावीकडची गुलाबी, बायकांची. उजवीकडची निळी, पुरुषांची. नकाशा बघून मला कळलं की उमरगा तालुक्यातली बाई सकाळी उठते, तोंडाला क्रीम लावते, भांडी घासते, फरशी पुसते, लेकराचं बघते आणि दमली की परत क्रीम लावते. पुरुष दाढी करतो, हातात बॅटरी घेतो आणि जग दुरुस्त करायला निघतो. पक्कड, पाना, दोरी, कुलूप, टॉर्च, विळा, खुरपं हे सगळं निळ्या गल्लीत.

मी म्हटलं, "साहेब, खुरपं बायका धरतात. आमच्या भागातला पुरुष खुरपणीच्या वेळी बांधावर उभा राहून सूचना देतो."

"मॅडम, खुरपं टूल आहे. टूल जेंट्समध्ये."

"आणि झाडू?"

"झाडू लेडीज."

"झाडू पण हातातच धरतात."

"मॅडम, नकाशा हेड ऑफिसचा आहे."

हेड ऑफिस म्हटल्यावर प्रश्न मिटतो, अशी त्याची समजूत होती. आणि माझा खरंच मिटला, कारण रॅक फुकट होते. एका फणीसाठी अर्धा तास भांडणारी बाई फुकट म्हटल्यावर कशी मऊ होते ते मी त्या दिवशी स्वतःवर पाहिलं. आठ दिवसांत दुकान शहरासारखं दिसू लागलं. गुलाबी गल्लीवर गुलाबी पट्टी, निळ्यावर निळी. लोक येऊन फोटो काढायचे. आमचे मालकही पेपर घरी ठेवून एकदा येऊन गेले आणि दाराशी उभं राहून दुकान आपलंच असल्यासारखं लोकांना दाखवलं.

मग गमती सुरू झाल्या. नकाशातली डोळ्यासमोरची फळी साहेबाच्या डोळ्यांसमोर होती, आणि साहेब सहा फुटी. आमच्याकडची बाई परक्या माणसांत मान वर करून बघत नाही, आणि डोक्यावरचा पदर धरलेला हात वरच्या फळीकडं नेत नाही. तेव्हा चौकातल्या प्लॉटवर धूळ बसली आणि गावाबाहेरच्या पडीवरचा माल संपला. मी साहेबाला हे सांगितलं. त्यानं ते फोनमध्ये लिहून घेतलं. तो सगळंच लिहून घ्यायचा.

निळ्या गल्लीत दोनचार पुरुष कायम पाने-पकडी चिवडत उभे असायचे. बाया त्या गल्लीच्या तोंडाशी थांबायच्या आणि नवऱ्याला आत पाठवायच्या. नवरा आतलं सगळ्यात मोठं खुरपं उचलून आणायचा, मोठं ते चांगलं म्हणून. खुरपं बाईच्या मुठीत बसावं लागतं, वजन मनगटाला झेपावं लागतं, हे त्याला कुठून कळणार. आठवड्यानं ती बाई मनगट दाबत यायची आणि चोरून विचारायची, "अक्का, बदलून मिळंल का? ह्यांना सांगू नका." मी बदलून द्यायची आणि वरून तिलाच बोलायची, की स्वतः आत जायला काय वाघ बसलाय का. वाघाला तिथं मीच बसवलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

हमरस्त्यावरचा एक ट्रकवाला होता. मिशा दोन्हीकडं वळवलेल्या. दर महिन्याला बहिणीसाठी गोरं करायची क्रीम न्यायचा. काउंटरवर वाकून हळू आवाजात मागायचा आणि काळ्या पिशवीत घालून न्यायचा. पुढं कंपनीनं तीच क्रीम काळ्या नळीत भरली, नळीवर दाढीवाल्याचं चित्र छापलं, भाव वाढवला आणि निळ्या गल्लीत ठेवली. ट्रकवाला छाती काढून आत गेला, नळी घेऊन आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ही द्या." मी विचारलं, "बहिणीचं लग्न झालं वाटतं?" तेव्हापासून तो पुढच्या चौकातून माल घेतो.

एकच माणूस असा होता की जो त्या नकाशाला भीक घालत नव्हता. ईट गावाकडून मेंढरं घेऊन उतरलेले एक म्हातारे धनगर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. सरळ गुलाबी गल्लीत घुसले आणि नेलपॉलिशच्या बाटल्या उजेडात धरून बघू लागले. दोन पोरी तिथून लाजून बाहेर पळाल्या.

"काय हुडकायलाव, बाबा?"

"चमकता रंग पायजे, अक्का. लांबून दिसाया पायजे." त्यांनी सगळ्यात भडक गुलाबी बाटली निवडली. "शिंगाला लावायची. दुसऱ्याच्या कळपात गेलं तर वळखू येतंय. पावसानं जात न्हाय हा रंग."

मी चेष्टेनं म्हटलं, "मेंढीला गुलाबी लावताव. एडक्याला निळी देऊ का?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच कळपातली असावी. "मेंढराला काय कळतंय रंगाचं? रंग धन्याला कळाया पायजे."

मी हसले आणि पैसे घेतले. वर पंख्याखाली दोन्ही गल्ल्यांवरच्या पट्ट्या हलत होत्या. मला त्या बाबांच्या बोलण्याचा अर्थ कळायला पुढं वर्ष जावं लागलं, आणि तोही रुक्मिणबाईचं बोट वाकडं झाल्यावर.

करडई ज्यानं काढली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. वाळल्यावर तिचं प्रत्येक पान म्हणजे काटा. म्हणून सकाळी लवकर, दवानं काटा मऊ असतो तेवढ्यात काढायची. ऊन चढलं की जवळ जाता येत नाही. हाताला चिंध्या गुंडाळायच्या, पायाला पोत्याचे तुकडे बांधायचे. माझं माहेर तामलवाडीचं. तिथं लग्नाआधी चार हंगाम मी करडई काढली आहे. माझ्या उजव्या तळव्यात एक काळा ठिपका आहे. त्या काट्याचं टोक आत राहिलं ते राहिलंच.

गेल्या वर्षी माघात रुक्मिणबाई आली. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अक्का, हातात घालाया कायतरी द्या. यंदा करडई लई घेतलीया. एकाच मालकाचं रान हाय, दिवस बांधून दिल्यात. चिंध्या बांधून इळा नीट धरता येत न्हाय."

मी तिला निळ्या गल्लीतले जाड कापडी हातमोजे आणून दिले. तिनं हात घातला. तिची बोटं संपली तरी मोज्याची बोटं पुढं दोन पेरं शिल्लक होती. मुठीत विळा धरला तर मोजा एकीकडं आणि विळा दुसरीकडं.

"ह्याच्यात तर माझे दोनी हात एकाच मोजात बसत्यात," ती म्हणाली. "लहान न्हाईत व्हय?"

लहान नव्हते. जाड मोजे फक्त मोठ्या हातांचे येत होते. आणि त्याच आठवड्यात साहेब नवीन माल दाखवायला आला. त्यानं बॅगेतून गुलाबी रबरी हातमोजे काढले. मनगटावर झालर, पाठीवर फुलं. "खास लेडीज ग्लोव्हज, मॅडम. हेवी आहेत."

मी हातात घातले. माप बरोबर बसलं. मी विचारलं, आणि हे मी पक्कं विचारलं आहे, "काट्याला चालतील का?"

"मॅडम, सगळ्याला चालतात."

मग मी भाव करायला बसले. त्यानं सांगितलेला भाव ऐकून मी मोजे बॅगेत परत टाकले. तो उतरला. मी झालरीला नावं ठेवली. तो आणखी उतरला. तिसऱ्या बोलण्याला तो मी मनात धरलेल्या भावाच्याही खाली आला होता. हाच तो क्षण. माझ्या नियमाप्रमाणं मी मोजा पुन्हा हातात घ्यायला पाहिजे होता. पदराला पिन होती, ती काढून एकदा टोचून बघायला पाहिजे होती. गल्ल्याशेजारी टिकल्या आणि पिनांचाच ढीग होता, साऱ्या आयुष्याचा धंदा पिनांचा. पण जिंकल्याची नशा चढली होती. मी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाईसमोर मी मोजे ठेवले. तिनं नेहमीप्रमाणं खेळ मांडला. "फुलं हाईत म्हंजी काट्याला वास आवडंल, व्हय अक्का?" शेवटी ठरलं. बारा जोड. वर पिनेचं पान. ती उठताना एकदाच गंभीर झाली. "टिकतील ना?"

मी म्हटलं, "अख्खी करडई निघंल ह्यात. माझ्यावर सोड."

ती पुन्हा आली तेव्हा दुकानात गुलाबी फुगे लटकत होते. महिला दिनाची स्कीम होती. साहेब स्वतः स्टुलावर चढून दाराला फुग्यांची कमान बांधत होता. कमानीखालून रुक्मिणबाई आत आली. डाव्या हाताला दवाखान्याची पट्टी. उजव्या हातात प्लास्टिकची पिशवी. तिनं पिशवी काउंटरवर उलटी केली. गुलाबी चिंध्या पडल्या.

आवाज न चढवता तिनं सांगितलं ते असं. पहिल्याच सकाळी काटे रबरातून आरपार गेले. आत घाम, मोजा काढावा तर काटा मोडून बोटात राहतो, न काढावा तर हात शिजतो. तरी चौघींनी दुसऱ्या दिवशीही घातले, अक्कानं सांगितलंय म्हणून. तिघींचे हात पिकले. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात टोक खोल गेलं होतं. उमरग्याच्या डॉक्टरांनी बोट चिरून ते काढलं. डॉक्टर म्हणाले, बोट राहिलं हे नशीब, पण वाकलेलं राहील. बांधून दिलेले दिवस संपले. रानाच्या मालकानं मशीन आणलं. टोळीचं काम गेलं.

मी काही बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "अक्का, तुमी बी करडई काढलीया. तुमाला ठावं हुतं."

एवढंच. ही गोष्ट फक्त मी ऐकली, कारण ती हळू बोलली आणि साहेब फुगा फुगवत होता.

त्यानंतर मी जे बोलले ते अर्ध्या बाजारानं ऐकलं. मी साहेबाला स्टुलावरून खाली उतरवलं. चिंध्या त्याच्या हातात दिल्या आणि विचारलं, "काट्याला चालतील का, असं मी विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलं होतं?"

तो चिंध्या चिमटीत धरून म्हणाला, "मॅडम, हे किचनसाठी आहेत. पाकिटावर ताटाचं चित्र आहे."

"मी काट्याचं विचारलं होतं."

"मला वाटलं कुंडीतल्या गुलाबाचं विचारताय. लेडीजना गार्डनिंगची आवड असते ना."

दुकानात सातआठ बायका होत्या. त्यांतली एक हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. मी म्हटलं, "आता ऐका. ह्या बाईच्या हाताच्या मापाचे, कापडाचे जाड मोजे पाहिजेत. कंपनीला सांगा."

त्यानं फोन काढला आणि कंपनीची यादी माझ्यासमोर धरली. लेडीजवर बोट ठेवलं की खाली तीन नावं यायची: किचन, क्लीनिंग, ब्यूटी. शेतीच्या नावावर बोट ठेवलं की मोजे यायचे, पण मापं दोनच, मोठं आणि त्याहून मोठं. त्यानं यादी वर केली, खाली केली. रान काढणाऱ्या बाईला त्या यादीत शिरायला वाटच नव्हती.

"लेडीजमध्ये हे येत नाही, मॅडम. डिमांड नाही."

"डिमांड तुमच्यासमोर उभी आहे. तिच्या बोटाला पट्टी आहे."

साहेबानं रुक्मिणबाईकडं पाहिलं. खरंच पाहिलं असं मला क्षणभर वाटलं. मग तो खिशात हात घालून म्हणाला, "मावशी, आज महिला दिन आहे. कंपनीकडून तुम्हाला एक गिफ्ट." आणि त्यानं तिच्या चांगल्या हातात नेलपॉलिशची बाटली ठेवली. भडक गुलाबी. पावसानं न जाणारी.

रुक्मिणबाईनं ती काउंटरवर ठेवली आणि कमानीखालून निघून गेली.

मी नकाशा भिंतीवरून ओढून काढला. साहेब म्हणाला, "मॅडम, नकाशा काढला तर रॅक परत न्यावे लागतील." मी म्हटलं, "फुग्यांसकट न्या." पुढचे तीन आठवडे माझा माल जमिनीवर पोत्यांवर मांडलेला होता, पेटीच्या दिवसांसारखा. आमचे मालक म्हणाले, "एवढं चांगलं दिसायलं होतं." मी त्यांना पेपर आणून दिला.

बायका मात्र खाली बसून निवांत माल चाळू लागल्या. खुरपी मध्यभागी होती. प्रत्येक जण उचलून मुठीत धरून बघायची.

हातमोज्यांसाठी मी बशीरभाईकडं गेले. ते हमरस्त्यावर ट्रकची सीटकव्हरं शिवतात. जाड कापड, जाड सुई, मेणाचा दोरा. मी त्यांना सांगितलं, तळव्याला ताडपत्री, पाठीला कापड, बोटं घट्ट.

"शिवतो, अक्का, पण नाप लागंल," ते म्हणाले. "बाया माझ्या दुकानात हात दाखवाया येणार न्हाईत, आन म्या त्यांचे हात धरून नाप घेणार न्हाय."

तेव्हा मला तो नकाशा आठवला. पाठीमागून कोरा होता. मी तो दुकानात जमिनीवर उलटा अंथरला आणि टोळीतल्या बायकांना निरोप धाडला. एकेक जण आली, कागदावर हात ठेवला, मी पेन्सिलीनं कड काढली, शेजारी नाव लिहिलं. कुणाची बोटं आखूड, कुणाचा तळवा रुंद. पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या हाताचं माप घेतंय म्हणून त्या हसत होत्या. एक तरुण पोरगी म्हणाली, "अक्का, जाड असंल तर गुलाबी बी चालंल. गुलाबीसंगट माझं भांडण न्हाय." बशीरभाईंकडं गुलाबी रेक्झिन होतं, एका नवऱ्या मुलाच्या ट्रकचं उरलेलं. तिचे तसेच शिवले.

रुक्मिणबाई सगळ्यात शेवटी आली. मी पेन्सिल घेऊन पुढं झाले. तिनं पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली, डावा हात कागदावर ठेवला आणि स्वतःच कड काढली. एक बोट कागदाला टेकत नव्हतं. त्याची रेघ वाकडी आली.

यंदाच्या हंगामात ते मोजे टिकले. बशीरभाईंना आता आसपासच्या गावांतून मागणी येते. त्या उलट्या नकाशाचा फोटो मी साहेबाला पाठवला, खाली लिहिलं की ही तुमची डिमांड. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यानं वाचलं. उत्तर नाही. नंतर कळलं, त्याला बढती मिळाली आणि तो आता दुसऱ्या जिल्ह्यात नकाशे लावतो.

इथं थांबले असते तर संपादकांना हवी तशी गोड आठवण झाली असती. पण रुक्मिणबाई तिचे मोजे न्यायला आली ते सांगायचं राहिलं.

ती स्टुलावर बसली नाही. म्हणाली, "मालकीणबाई, किती झाले?"

पेटीच्या काळापासून ती मला अक्का म्हणत होती. मी ते गिळलं आणि एक युक्ती केली. मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. असा भाव ऐकला की ती पेटायचीच. आता म्हणेल की ह्या भावात करडई बी तुमीच काढून द्या. मी पिनेचं पान हातात तयार धरलं होतं. ती अर्धा तास बोलली असती, मला लुटारू म्हणाली असती, तर मी ते मोजे तिला फुकट दिले असते.

तिनं कमरेची पिशवी काढली, सांगितला तेवढा भाव काउंटरवर ठेवला, मोजे उचलले आणि गेली. मी मागून हाक मारली, चुकून जास्त सांगितलं म्हणून. ती न वळता म्हणाली, "असू द्या. दुकानदाराचा भाव असतोय."

भाव माणूस ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच करतो. परक्याला पैसे देऊन मोकळं होतो. हे मला आयुष्यभर गिऱ्हाइकांनी शिकवलं आणि शेवटी माझ्याच काउंटरवर सिद्ध करून दाखवलं.

माझ्या वाट्याचं उत्तर मी रोज देते आहे, कारण ती आजही येते, लागेल ते घेते, भाव न करता पैसे ठेवते. तिनं जास्त दिलेले ते पैसे मी गल्ल्यात टाकलेले नाहीत. भिंतीवर तो नकाशा उलटा लावला आहे, हातांची बाजू बाहेर. त्याच्यामागं ते खोचून ठेवलेत, शेजारी ती नेलपॉलिशची बाटली.

साहेब, तुम्ही जिथं असाल तिथून या. ज्यांनी ती यादी लिहिली त्यांनाही घेऊन या, हेड ऑफिसला पाय असतील तर त्यालाही. येत्या माघात रुक्मिणबाईची टोळी करडईत असेल. तुमचे गुलाबी मोजे माझ्याकडे अजून एक जोड शिल्लक आहेत, ते घालून तिच्याशेजारी करडईची एक ओळ काढा. मग तिच्यासमोर उभं राहून, मोजे घेताना मी विचारलं होतं त्याचं उत्तर द्या. काट्याला चालतील का?